हाड मोडलंय आणि डॉक्टर म्हणतात "ट्रायलमध्ये येता का?" तर सही करायच्या आधी काय काय बघायचं

दोन वर्षांखाली ऑगस्टमध्ये आमच्या दाजींचा पाय मोडला. केजवरनं गावाकडं येताना अंधारात मोटारसायकल खड्ड्यात आदळली, नडगीचं हाड मोडून चामडीच्या बाहेर आलं, जखमेत सगळा चिखल. मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं, जखम धुतली, रॉड टाकला, तिथवर सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमाराला एक जण वॉर्डात आला, माझ्या बहिणीच्या हातात सात-आठ पानांचा गठ्ठा दिला, शेवटचं पान उघडून बोट ठेवलं आणि म्हणला, "ताई इथं सही करा, पेशंटचा अंगठा घेऊ, बाकी आम्ही बघतो." दाजी इंजेक्शनच्या गुंगीत, बहीण दोन रात्रींची जागी, पेन हातात घेतलेलं. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणला स्टडी आहे, तुमचा फायदाच आहे. मी म्हणलं मग सकाळी वाचून देतो की, तर तोंड वाकडं करून गेला.

सकाळी त्याच युनिटचे एक डॉक्टर आले, स्टूल ओढून खाटेजवळ बसले आणि वीस मिनिटं समजावून सांगितलं. रॉड टाकल्यावर पायावर वजन लगेच द्यायचं का सहा आठवडे थांबायचं, याची तुलना होती. डॉक्टर म्हणले, "दोन्ही पद्धती आजही चालतात, काही डॉक्टर हे सांगतात काही ते, कोणती बरी हे आम्हालाही पक्कं माहीत नाही, तेच बघायचंय." हे ऐकल्यावर दाजी स्वतःच म्हणले, मग हरकत नाही. दवाखाना तोच, कागद तोच, पण रात्री सही झाली असती तर आपण कशात आहोत हे आमच्या घरात कुणालाच कळलं नसतं. त्यानंतर गावातल्या दोघातिघांनी मला असंच विचारलं, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, समोर आलेला कागद नक्की कशाचा आहे ते विचारा. ऑपरेशनची संमती वेगळी, भूल देण्याची वेगळी आणि स्टडीची संमती एकदम वेगळी. ऑपरेशनच्या कागदावर सही नाही केली तर ऑपरेशन अडतं, स्टडीच्या कागदावर नाही केली तरी काही अडत नाही, तुमचा नेहमीचा इलाज चालूच राहिला पाहिजे. दवाखान्यात सगळे कागद एकाच क्लिपमध्ये लावून देतात आणि आपण सगळ्यांवर एकदाच भराभरा सह्या करतो, तिथंच घोळ होतो. स्टडीमध्ये पण दोन प्रकार असतात. आपल्याकडं संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशा मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या डॉक्टरांना एमडी एमएससाठी थेसिस करावा लागतो, त्यात कितीदा नुसती माहिती घेतात, म्हणजे एक्सरे बघतात, चार प्रश्न विचारतात, तुमच्या इलाजात काहीच बदलत नाही. दुसरा प्रकार म्हणजे खरी ट्रायल, जिथं तुम्हाला कोणता इलाज मिळणार हे त्या स्टडीवरनं ठरतं. म्हणून सरळ विचारायचं, "साहेब, यानं माझ्या इलाजात काय बदलणार?" याचं उत्तर एका वाक्यात यायला पाहिजे.

मग चिठ्ठीचा प्रश्न येतो, आणि लोक बिचकतात ते इथंच. ट्रायलमध्ये तुम्ही या गटात का त्या गटात हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्ही पण ठरवत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटरवरनं निघतं. दाजी म्हणले होते, "म्हणजे प्रयोग करायलेत की आपल्यावर." असं वाटणं साहजिक आहे. पण विचार करा, डॉक्टरांनीच निवडलं तर काय होईल, तरुण धट्टाकट्टा पेशंट नवीन पद्धतीत जाईल, म्हातारा साखरवाला जुन्या पद्धतीत, आणि शेवटी नवीन पद्धत भारी निघाली असं वाटेल, पण भारी तो पेशंट होता. चिठ्ठी टाकली की दोन्हीकडं सारखेच लोक येतात, मग जो फरक दिसतो तो इलाजाचाच असतो.

याचं एक उदाहरण मला कळल्यापासून डोक्यातनं जात नाही. डोक्याला मार लागला की मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची पद्धत जगभर कित्येक वर्षं चालू होती, डॉक्टर चांगल्या मनानंच देत होते. मग क्रॅश नावाची मोठी ट्रायल झाली, १०,००८ पेशंट, अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. २००४ साली निकाल आला तर दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइडवाल्यांत २१.१ टक्के लोक दगावले होते आणि दुसऱ्या गटात १७.९ टक्के. म्हणजे ज्यानं वाचतील असं वाटत होतं त्यानंच जास्त लोक जात होते. एकेक पेशंट बघून कुठल्याच डॉक्टरला हे कधी दिसलं नसतं, कारण डोक्याचा मार इतका वाईट असतो की पेशंट गेला तर सगळे म्हणणार मारच जबर होता. दहा हजार लोक त्यात होते म्हणून ते उघडं पडलं.

आणि उलटं पण झालंय. क्रॅश-२ मध्ये ४० देशांतले, त्यात आपले भारतातले पण, २०,२११ जखमी होते ज्यांचं रक्त जात होतं किंवा जायची भीती होती. ट्रॅनेक्झामिक अॅसिड नावाचं साधं स्वस्त औषध, बायकांना पाळीत अंगावरनं फार जातं तेव्हा देतात तेच, ते दिल्यावर मृत्यू १६ टक्क्यांवरनं १४.५ वर आले. पण पुढं बारकाईनं बघितलं तर अपघातानंतर ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोग, उशीर झाला तर उलट तोट्याची लक्षणं दिसली. आपल्याकडं तालुक्याच्या गावात एक तास, तिथनं रेफर करून अँब्युलन्स यायला एक तास, पुढं जिल्ह्याला दोन तास असं होतं, त्यामुळं हा ३ तासांचा आकडा मला फार जवळचा वाटतो. अपघातवाल्याला आधी गावातल्या हाडवैद्याकडं नेऊन मग दवाखान्यात आणायची सवय असेल तर रक्त जाणाऱ्याच्या बाबतीत तेवढी तरी सोडा.

दाजींच्या जखमेसारखी, म्हणजे हाड बाहेर आलेली मातीची जखम कशानं धुवायची यावर पण ट्रायल झालेली आहे. २०१५ ला निकाल आला, २,४४७ पेशंट, भारतातले पण दवाखाने होते. साबणाच्या पाण्यानं धुतलेल्यांत १४.८ टक्के लोकांना परत ऑपरेशन करावं लागलं आणि नुसत्या सलाईननं धुतलेल्यांत ११.६ टक्के. पाणी जोरात मारलं का हळू सोडलं यानं काहीच फरक पडला नाही. म्हणजे महागडं प्रेशरचं मशीन नसलेल्या छोट्या दवाखान्यात पण जखम नीट धुता येते हे त्यातनं कळलं, आणि ते कळलं आपल्यासारख्याच पाय मोडलेल्या लोकांनी हो म्हणलं म्हणून.

आता कागद वाचायचा कसा. आधी माहितीपत्रक आणि मग संमतीपत्र असं असतं, आणि ते तुम्हाला कळतं त्या भाषेत पाहिजे, आपल्याकडं म्हणजे मराठीत, हिंदी किंवा उर्दू कळत असेल तर त्यात. इंग्रजी कागद पुढं केला तर सरळ म्हणायचं मराठीतला द्या. वाचता येत नसेल तर स्टडीशी काही संबंध नाही असा एक साक्षीदार समोर पाहिजे, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं आणि मग अंगठा, साक्षीदाराची पण सही. वॉर्डातली शेजारच्या पेशंटची सून चालेल, त्यांच्याच टीममधला माणूस चालत नाही. घरी न्यायला वेळ मागा, डॉक्टर चांगले असतील तर देतात. सही झाल्यावर एक कॉपी तुमच्याकडं राहिली पाहिजे, हा हक्क आहे, झेरॉक्सचे पैसे मागितले तरी द्या पण कॉपी घेतल्याशिवाय हलू नका. पेशंट बेशुद्ध असेल तर जवळच्या नातेवाईकाला सही करता येते, पण शुद्धीवर आल्यावर पेशंटला स्वतःला विचारलं पाहिजे. पोरगं १८ च्या खालचं असेल तर सही आईबापाची, पण ७ वर्षांच्या वरच्या लेकराला त्याच्या भाषेत सांगून त्याचा पण होकार घ्यायचा असतो. एकदम नव्या रेणूच्या औषधाची ट्रायल असेल आणि पेशंट गरीब, अडलेला अशा दुर्बल गटातला असेल तर संमती घेताना व्हिडिओ काढावा लागतो, तो काढायला लागले तर घाबरू नका, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

त्या कागदावर एका जागी वार्षिक उत्पन्न, धंदा, शिक्षण आणि वारसाचं नाव लिहायला रकाने असतात. दाजी तिथं आले आणि पांढरे पडले. "वारस कशाला विचारायलेत, मरणार का मी?" बहिणीनं पेन खालीच ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं की काही बरंवाईट झालंच तर भरपाई कुणाला द्यायची ते आधीच लिहिलेलं असावं म्हणून हा रकाना, औषधांच्या सगळ्या ट्रायलच्या फॉर्मवर असतो. मग बहिणीनं स्वतःचं नाव घातलं, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं पूर्ण. तुम्ही पण आधार कार्डावरचंच नाव घाला, घरात हाक मारायचं नाव नको.

विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते, त्यातले कामाचे सांगतो. ही ट्रायल नसती तर मला कोणता इलाज दिला असता, आणि आता तो मिळणार का नाही? दुसऱ्या गटात औषध नसलेली गोळी आहे का? एकूण किती वेळा यावं लागेल, किती महिने, आणि येण्याजाण्याचं भाडं कोण देणार? जादाचे एक्सरे, रक्त तपासण्या कुणाच्या खर्चानं? रात्री दोनला पाय सुजला तर कुणाला फोन करायचा, लँडलाइनचा नंबर नको मोबाईल द्या. माझं रक्त किंवा काढलेला तुकडा साठवणार का, कुठं पाठवणार? आणि शेवटी, साहेब तुमच्या घरातला माणूस असता तर तुम्ही घातला असता का? या शेवटच्या प्रश्नाला आमचे डॉक्टर जरा थांबले आणि म्हणले, "हो, आणि कोणत्या गटात गेला याची काळजी पण केली नसती." ते थांबणंच मला खरं वाटलं.

पैशाचं नीट समजून घ्या. स्टडीचं औषध किंवा स्टडीसाठीच्या जादा तपासण्या याचे पैसे पेशंटकडनं घ्यायचे नसतात. जो इलाज तसाही होणारच होता, म्हणजे रॉड, भूल, बेड, त्याचा खर्च नेहमीसारखाच, सरकारी योजनेत बसत असेल तर योजनेतनं. कुणी म्हणलं ट्रायलमध्ये या, ऑपरेशनचं बिल माफ करू, तर दोनदा विचार करा, कारण मग तुम्ही बिलासाठी हो म्हणायलात. भाड्याचे आणि बुडलेल्या रोजाचे पैसे मिळणं वेगळं, ते रास्त आहे, मागायला लाजू नका.

आणि ट्रायलमुळं इजा झाली तर? २०१९ च्या नव्या औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत स्पष्ट आहे की ट्रायलमध्ये असताना पेशंटला इजा झाली तर गरज असेल तोवर फुकट इलाज करायचा, किंवा त्या इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. आणि इजा ट्रायलमुळंच झाली असं ठरलं तर वरनं पैशाची भरपाई पण. औषधानं काम केलंच नाही आणि त्यापायी नेहमीचा इलाज मिळाला नाही म्हणून नुकसान झालं, तरी ते ट्रायलचंच नुकसान धरतात. गंभीर काही झालं, म्हणजे परत अॅडमिट व्हावं लागलं, कायमचं अपंगत्व आलं, मृत्यू झाला, तर मुख्य डॉक्टरांना ते घडल्यापासून २४ तासांत वर कळवावं लागतं. म्हणून ट्रायलमध्ये असताना दुसऱ्याच कारणानं, समजा डेंग्यू झाला म्हणून गावात अॅडमिट झालात, तरी ट्रायलवाल्यांना फोन करा. हे नियम औषधांच्या ट्रायलचे आहेत, कॉलेजातल्या डॉक्टरांनी स्वतः केलेल्या स्टडीत भरपाई कोण देणार हे त्याच कागदात शोधा, लिहिलेलं नसेल तर हातानं लिहून घ्या आणि सही घ्या.

कागदावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, लोक तिकडं बघत पण नाहीत. ही कमिटी डॉक्टरांच्या वरची आहे, तिच्या परवानगीशिवाय एक पण पेशंट घेता येत नाही. कमीत कमी सात जण पाहिजेत, निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे, एक कायद्याचा माणूस, एक तरी बाई, आणि एक असा साधा माणूस ज्याचा डॉक्टरकीशी संबंध नाही, तो आपल्या बाजूनं बघायला. आम्हाला त्या रात्रीच्या माणसाची तक्रार करायची होती, मी फोन केला, तिकडच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तारीख वेळ लिहून घेतली. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा संमती दिवसाच आणि डॉक्टरांनीच घ्यायची असं ठरलेलं होतं. एक फोन होता फक्त.

ट्रायल खरी का खोटी हे घरी बसून बघता येतं. आपल्या देशात सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधनाची संस्था ती चालवतं, २००७ ला सुरू झाली आणि २००९ पासून ट्रायलची नोंद त्यात करावीच लागते, आणि २०१८ च्या एप्रिलपासून तर पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद पाहिजे. संमतीच्या कागदावर सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना आणि मग सहा आकडे असा नंबर असतो. तो सीटीआरआयच्या वेबसाईटवर टाका. सगळं इंग्रजीत आहे, कॉलेजातल्या भाच्याला बसवा शेजारी. त्यात चार गोष्टी बघायच्या. पैसा कुणाचा आहे, सरकारचा, कॉलेजचा का कंपनीचा. कंपनीचा असला म्हणजे वाईट असं नाही, पण माहीत असावं. दोन्ही गटांना काय काय देणार. एथिक्स कमिटीची परवानगी आहे का. आणि तुमच्या दवाखान्याचं नाव यादीत आहे का, ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. नंबरच नाही म्हणले तर का नाही ते विचारा, नुसती माहिती घेणारी स्टडी असेल तर एकवेळ समजू शकतं, पण इलाज बदलणारी असेल तर सही करू नका.

आता मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त लागू पडणारी गोष्ट, तपासणीला येत राहणं. ट्रायलचा जीव त्यातच असतो. दाजींना सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असं बोलावलं होतं. कागदावर ठीक, पण त्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती. ऑगस्टमध्ये पाय मोडला, दसरा झाला की टोळी निघणार, आणि उचल फिटल्याशिवाय सुटका नाही. दाजी कोयता धरू शकत नव्हते म्हणून बहीण दिराबरोबर गेली, आणि लेकरांकडं बघायला दाजी कुबडी घेऊन कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर. म्हणजे सहा महिन्यांच्या तपासणीला माणूस साडेतीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. असे पेशंट हरवतात आणि मग शहरातले लोक म्हणतात हे लोक येतच नाहीत. येत नाहीत, कारण कुणी विचारतच नाही दसऱ्यानंतर तुम्ही कुठं असता.

आम्ही हे सहीच्या आधीच सांगून टाकलं, आणि तुम्ही पण तेच करा. डॉक्टरांनी फॉर्मच्या मागं लिहून घेतलं, तीन फोन नंबर घेतले, दाजींचा, माझा आणि मुकादमाचा पण. तीन महिन्यांची तपासणी निघायच्या आधीच आठ दिवस अलीकडं घेतली, तेवढं चालतं असं म्हणले. सहा महिन्यांला तिकडच्या तालुक्याच्या गावात एक्सरे काढला, पाय सरळ आणि बाजूनं असे दोन फोटो, व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि प्रश्न फोनवर विचारले. एक्सरेचे आणि रिक्षाचे पैसे नंतर मिळाले, पावती जपून ठेवली होती म्हणून. किती चालता येतं, जिना चढता येतो का, मांडी घालून बसता येतं का, झोपेत ठणकतं का असं विचारायचे, आणि दाजी आधी प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे बरं आहे" म्हणायचे, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. बहिणीनं फोन ओढून घेतला आणि सांगितलं की संध्याकाळी पाय सुजतो, उकिडवं बसता येत नाही. तेच खरं सांगायचं असतं. दुखतंय असं सांगितलं म्हणजे डॉक्टर नापास होत नाहीत, पण बरं आहे असं खोटं सांगितलं तर पुढच्या हजार पेशंटना चुकीचा इलाज मिळू शकतो.

चिठ्ठीत दाजींना लगेच वजन द्यायचं निघालं होतं. बहीण घाबरली, रॉड वाकला म्हणजे काय, आमच्या आईनं तर दीड महिना पाय हलवू द्यायचा नाही असं ठरवलेलं. शेजारपाजारचे येऊन म्हणणार पडून राहा, पडून राहा. अशा वेळी ज्या गटात आहात तो गट पाळायचा, घरच्यांना पण बसवून समजावायचं. निम्मं पाळलं निम्मं नाही असं केलं तर तुमचा पण घोळ आणि ट्रायलचा पण. पाळणं जमतच नसेल तर सांगून टाका, लपवू नका.

गुडघ्याच्या दोरीचं, म्हणजे एसीएलचं पण सांगतो कारण कबड्डी आणि कुस्तीवाली पोरं कायम विचारतात. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर ट्रायल झाली, २०१० ला छापून आली. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, बाकी ५९ जणांना आधी नीट व्यायाम आणि लागलं तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते, आणि त्या ५९ पैकी २३ जणांनीच नंतर ऑपरेशन करून घेतलं. याचा अर्थ कुणालाच ऑपरेशन नको असा नाही. पण फिजिओथेरपीला पण इलाज म्हणतात हे आपल्याकडं पटवावं लागतं, लोकांना वाटतं नुसता व्यायाम सांगून कटवलं. तुमच्या ट्रायलमध्ये एका गटाला फक्त व्यायाम असेल तर आपल्याला कमी मिळालं असं समजू नका.

इजा व्हायच्या आधीच्या पण ट्रायल असतात, त्यात जखमी माणूस नसतो, धडधाकट पोरं असतात. डेन्मार्कमधल्या ९४२ फुटबॉलवाल्यांवर मांडीच्या मागच्या स्नायूच्या एका व्यायामाची ट्रायल झाली, गुडघ्यावर बसून मित्रानं पाय धरायचे आणि अंग हळूहळू पुढं सोडायचं, आपल्या तालमीत पण सहज जमेल असा. व्यायाम करणाऱ्या संघांत तो स्नायू १५ वेळा दुखावला आणि न करणाऱ्यांत ५२ वेळा. तिथं चिठ्ठी एकेका पोराची नाही, अख्ख्या संघाची टाकतात, कारण एकाच मैदानावर निम्मे करणार आणि निम्मे नुसते बघणार असं होत नाही. आपल्याकडं पहाटे डांबरीवर पळणारी पोलीस भरतीची पोरं बघतो मी, निम्म्यांच्या नडग्या दुखत असतात आणि कुणी सांगत नाही, भरती जाईल म्हणून. असल्या पोरांवर कुणी स्टडी करायला आलं तर अॅकॅडमीच्या सरांनी सगळ्यांच्या वतीनं हो म्हणून चालत नाही, प्रत्येक पोराची वेगळी संमती पाहिजे आणि नाही म्हणणाऱ्याला ग्राउंडवरनं काढायचं नाही. आणि डायरी भरायला दिली तर दुखलेला दिवस दुखला असंच लिहा.

नाही कधी म्हणायचं. घाई करत असतील, कागद घरी देत नसतील, चिठ्ठीचं विचारलं की उडवून लावत असतील, किंवा तुम्हालाच आतनं नको वाटत असेल, कारण द्यायची पण गरज नाही. हो म्हणून नंतर पण कधीही बाहेर पडता येतं, इलाज बंद होत नाही, फक्त फोन बंद करून गायब होऊ नका, एकदा सांगा की मी थांबतोय. अचानक बंद करणं धोक्याचं असं एखादं औषध असेल तर ते कसं कमी करायचं हे पण त्यामुळं कळतं.

एका पिशवीत सगळं ठेवा, संमतीची कॉपी, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, पावत्या, आणि वर मोठ्या अक्षरात कॉर्डिनेटरचा, म्हणजे स्टडीचं काम बघणाऱ्या माणसाचा नंबर. स्टडी संपल्यावर निकाल काय लागला ते विचारायचा पण तुम्हाला हक्क आहे, कधी लागणार तेवढं शेवटच्या तपासणीलाच विचारून ठेवा. दाजींची वर्षाची तपासणी गेल्या वर्षी झाली, एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं, मांडी घालून बसतात, उकिडवं अजून जमत नाही. सगळ्या पेशंटचा निकाल अजून यायचाय. बहिणीनं ती पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवलीये, लेकरांच्या दाखल्यांबरोबर, आणि दर महिना-दोन महिन्यांनी मला विचारते, त्या डॉक्टरांचा फोन आला का रे, कोणतं बरं निघालं.